यकृताला लेबल वाचता येत नाही

‘नैसर्गिक आहे, त्याचा काही अपाय नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर खुशाल घ्या, डॉक्टरांना विचारायचीसुद्धा गरज नाही.’ भूगाव, पिरंगुट, पौड, कोळवण, मुळशी तालुक्यात कुठेही जा, हे वाक्य कानावर पडतंच. हिंजवडीच्या जिममध्ये ते ट्रेनर सांगतो. गावात चेन मार्केटिंगचा डबा घेऊन आलेले पाहुणे सांगतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ दाखवून सांगतो. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पाप नसतं, आपल्या माणसाचं भलं व्हावं असंच त्याला वाटत असतं. त्यामुळे समोरचा त्याला तोडून बोलत नाही, आणि वाक्य पुढच्या घरी जातं. मी पौड रस्त्यावर औषधाचं दुकान चालवतो. या वाक्याचे परिणाम माझ्या काउंटरवर येऊन उभे राहतात, म्हणून मला ते खोडून काढायचं आहे, आणि त्यातला एकही तुकडा न सोडता.

आधी डब्यावरचा दावा घेऊ. एका बाजूला लिहिलेलं असतं, ‘रक्तातली चरबी झपाट्याने कमी करते.’ दुसऱ्या बाजूला, ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जे पोटात जाऊन काही काम करतं, ते कधी जास्त काम करेल, कधी नको तिथे करेल, कधी दुसऱ्या औषधाच्या कामात खोडा घालेल. आणि जे यातलं काहीच करत नाही, त्याच्यासाठी हजार-दीड हजार रुपये का मोजायचे? गुण औषधाचा आणि जबाबदारी खाऊची, अशी सवलत शरीर कुणालाच देत नाही.

‘गोळी म्हणजे केमिकल, आमचं नैसर्गिक’ ही वाटणी तर कोलेस्टेरॉलच्या गोळीपुढे पहिल्याच पायरीवर कोसळते. स्टॅटिन हे औषध मुळात बुरशीतून आलं. जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सहकाऱ्यांबरोबर सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला पदार्थ सापडला. १९७९ मध्ये त्याच एंडोंनी मोनॅस्कस नावाच्या लाल बुरशीतून मोनाकोलिन के हा पदार्थ वेगळा काढला. हा मोनाकोलिन के आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन हे औषध, दोन्हींचा रेणू एकच. मोनॅस्कस बुरशी तांदळावर वाढवतात, आणि तो तांदूळ वाळवून, दळून ‘रेड यीस्ट राइस’ या नावाने कॅप्सूलमध्ये भरून विकतात. ‘गोळीऐवजी निसर्गाचं द्या’ म्हणणारा माणूस नेमकं तेच औषध विकत असतो. फरक एवढाच की गोळीच्या स्ट्रिपवर १० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आत १० मिलिग्रॅम असतं, आणि या कॅप्सूलमध्ये किती आहे ते कुणी सांगू शकत नाही.

आता डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन दिलेलं आहे आणि रुग्ण न सांगता वरून ही कॅप्सूलही घेतो आहे, असं समजा. त्याच्या अंगात दोन स्टॅटिनं जात आहेत आणि डॉक्टरांना एकाचाच पत्ता आहे. स्नायू दुखणं, यकृताची एन्झाइम्स वाढणं, क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंड अडणं, हे स्टॅटिनचे सगळे धोके मात्रेबरोबर वाढतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये रेड यीस्ट राइसमधून रोज ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच मोनाकोलिन जावं अशी मर्यादा घातली, ती याच कारणाने. २०२४ च्या मार्चमध्ये जपानमध्ये कोबायाशी फार्मास्युटिकलला याच लाल तांदळाची पूरकं बाजारातून परत मागवावी लागली, कारण ती घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडू लागली होती. तपासात दुसऱ्याच एका बुरशीचं प्युबेरुलिक ॲसिड त्यात मिसळलेलं आढळलं. जपानसारख्या देशात, इतक्या मोठ्या कंपनीत हे घडलं.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपण भाताच्या तालुक्यात राहतो. टरफलाखाली तांबूस कोंडा असलेला आपला लाल तांदूळ आणि हा बुरशीचा तांदूळ यांचा काडीचाही संबंध नाही. शेतातला लाल भात पोटभर खा. ‘लाल तांदळाने कोलेस्टेरॉल उतरतं’ असं ऐकून कुणी जेवणातला भात बदलला तर हरकत नाही, पण त्या नावाची कॅप्सूल घेऊन गोळी बंद केली तर मात्र आहे.

पण औषध आणि पूरक एकमेकांच्या वाटेत येतात म्हणजे नक्की काय होतं? आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात काही एन्झाइम्स आहेत. बाहेरून आलेले पदार्थ मोडून बाहेर काढणं हे त्यांचं काम. त्यातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम ॲटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन मोडतं. ग्रेपफ्रूटमधले काही पदार्थ हेच एन्झाइम निकामी करतात. मग औषध वेळेवर मोडलं जात नाही, रक्तात साचतं, आणि वीसची गोळी चाळीससारखी वागू शकते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर विकली जाणारी वनस्पती नेमकं उलटं करते, एन्झाइम वाढवते आणि गोळीचा असर कमी करते. ग्रेपफ्रूट मुळशीत कोण खातो, असं कुणी म्हणेल. पण पपनस आपल्याकडे गणपतीच्या फळांत असतं, आणि ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचाच संकर आहे. तोच गुण पपनसातही आहे. प्रसादाच्या दोन फोडींनी आकाश कोसळत नाही. ‘वजन उतरतं’ म्हणून महिनाभर रोज सकाळी त्याचा रस घेणाऱ्याने मात्र आपली गोळी कोणती ते बघावं. रोसुव्हास्टॅटिन असेल तर ही अडचण नाही. सगळ्या ‘कोलेस्टेरॉलच्या गोळ्या’ एकसारख्या नसतात, म्हणून चिठ्ठीवरचं नाव माहीत असणं आवश्यक असतं.

रोसुव्हास्टॅटिनची अडचण वेगळी आहे. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं पातळ ॲन्टासिड बरोबरच घेतलं, तर ही गोळी रक्तात निम्मीच पोचते. आपल्याकडे हे रोज घडतं. रात्री जड जेवण, त्यावर गोळी, लगेच छातीत जळजळ म्हणून दोन झाकणं गुलाबी औषध. तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलेलं दिसत नाही, आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असा बोभाटा होतो. गोळीनंतर दोन तासांनी ॲन्टासिड घेतलं की प्रश्न मिटतो. पण हे सांगायला आधी कुणाला तरी त्या गुलाबी बाटलीबद्दल कळावं लागतं.

आता महाराष्ट्रातलीच गोष्ट, आणि ती आपल्या बांधावरच्या वेलीची आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. ताम्हिणीच्या बाजूला तर ती विकत घ्यायचीही गरज नव्हती, झाडावरून तोडून आणत. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. कावीळ झालेले हे रुग्ण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने जोरदार आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात चुकून घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध पुन्हा दिसला.

मंत्रालयाचा आक्षेप मी क्षणभर तसाच्या तसा मान्य करतो. त्यातून निष्पन्न काय होतं? दोन वेली इतक्या सारख्या दिसतात की माणूस चुकीची तोडून आणतो आणि कावीळ होऊन रुग्णालयात पोचतो. हे ‘नैसर्गिक आहे, काही अपाय नाही’ याच्या बाजूचं बोलणं झालं की विरुद्ध? वैद्य वनस्पती ओळखतो, प्रकृती बघतो, मात्रा ठरवतो, किती दिवस घ्यायचं ते सांगतो. तसा वैद्य बघत असेल तर माझं भांडण नाही, त्याने कोलेस्टेरॉलची चिठ्ठी पाहिलेली असावी एवढंच माझं म्हणणं. माझं भांडण आहे ते आयुर्वेदाचं नाव पुढे करून डबा खपवणाऱ्याशी, ज्याने रुग्णाची नाडीही बघितलेली नाही आणि रिपोर्टही.

यातला सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समजा, स्टॅटिन घेणाऱ्याच्या यकृताची एन्झाइम्स वाढली. डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही घेता का?’ रुग्ण म्हणतो, ‘नाही.’ तो खोटं बोलत नसतो. काढा, पावडर, मेव्हण्याने दिलेली कॅप्सूल हे त्याच्या लेखी औषधच नसतं. मग डॉक्टरांना समोर दिसतं ते एकच औषध, स्टॅटिन. ते बंद होतं. ज्याला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे त्याचं ढाल असलेलं औषध गेलं, आणि ज्याने यकृत बिघडवलं तो डबा फडताळात तसाच राहिला.

‘अहो, पण व्हिटॅमिनचं काय? जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.’ हे पाण्यात विरघळणाऱ्यांबद्दल बरंचसं खरं आहे. अ, ड, ई आणि के ही व्हिटॅमिनं चरबीत विरघळतात आणि अंगात साठतात. ड व्हिटॅमिनचीच गत बघा. ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा सॅशे डॉक्टर आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे लिहून देतात. रुग्णाला बरं वाटतं. मग तीच रिकामी स्ट्रिप घेऊन घरातलं कुणीतरी येतं, ‘हेच द्या, ताकदीचं आहे.’ चिठ्ठी कुठे आहे? हरवली. आठवड्याला एक घेता ना? ‘आठवड्याला? आम्ही तर रोज दुधातून देतो.’ रोज एक म्हणजे सात दिवसांत ४,२०,००० युनिट. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टपणा आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, असा तो रस्ता आहे. कोलेस्टेरॉलच्या रुग्णाला बहुधा रक्तदाबही असतो, आणि त्याच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर ते लघवीतून जाणारं कॅल्शियम आणखी अडवतं. तीन गोष्टी तीन ठिकाणांहून येतात आणि एकाच शरीरात भेटतात.

पाण्यात विरघळणारं सगळं निर्धोक, हेही खरं नाही. नायसिन हे ब गटातलंच. मल्टिव्हिटॅमिनमधलं थोडंसं नायसिन ठीक आहे, पण कोलेस्टेरॉलसाठी ते ग्रॅमच्या हिशेबाने देत असत. स्टॅटिनबरोबर ते देऊन पाहणारी एचपीएस२-थ्राइव्ह ही चाचणी २५,६७३ रुग्णांवर झाली, २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. झटके कमी झाले नाहीत, मात्र मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढले. एकेकाळी डॉक्टरच लिहून देत असलेलं हे व्हिटॅमिन आहे, आणि पुरावा आल्यावर डॉक्टरांनीच ते बाजूला ठेवलं.

यावर ठरलेला टोला येतो, ‘तुमच्या चाचण्या औषध कंपन्यांच्या पैशाने होतात.’ आक्षेप रास्त आहे आणि तो मी झटकणार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत स्पोर्ट नावाची चाचणी झाली. सुमारे २०० माणसं, चार आठवडे. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल, रेड यीस्ट राइस किंवा नुसती खोटी गोळी. स्टॅटिनच्या गटात एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. पूरकांतलं एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं. या चाचणीला पैसा ॲस्ट्राझेनेकाचा होता, आणि रोसुव्हास्टॅटिन जगभर विकलं ते त्याच कंपनीने. चाचणी छोटी आणि थोड्या दिवसांची होती. एवढ्या एकाच आधारावर मी कुणाला काही मानायला सांगणार नाही.

पण मग ब्रिटनमधली हार्ट प्रोटेक्शन स्टडी घ्या. २०,५३६ माणसं, पाच वर्षं, निष्कर्ष २००२ मध्ये. तीच माणसं दोन प्रकारे विभागली होती. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. आणि त्याच वेळी निम्म्यांना ई, क आणि बीटा-कॅरोटिन ही व्हिटॅमिनं, निम्म्यांना खोटी. डॉक्टर तेच, तपासण्या त्याच. स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने घटले. व्हिटॅमिनांनी काहीही घटलं नाही. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांना ड व्हिटॅमिन आणि ओमेगा-३ देऊन बघितलं. २०१८ मध्ये उत्तर आलं की हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून येणारे मृत्यू यांचा एकत्रित आकडा दोहोंपैकी एकानेही कमी झाला नाही. आणि पैशाचंच बोलायचं, तर पूरकांचा बाजार काही धर्मादाय नाही. ॲटोर्व्हास्टॅटिनची मक्तेदारी कधीच संपली. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, जनऔषधी केंद्रात ते अगदी थोडक्यात मिळतं. महिन्याच्या गोळ्यांपेक्षा महिन्याचा डबा कैक पटींनी महाग असताना नफेखोरीचा आरोप नेमका कुणावर करायचा?

स्टॅटिनने अंग दुखतं, ही तक्रार मी हलकी मानत नाही. काहींचं खरोखर दुखतं. पण आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भातलावणी केल्यावर पोटऱ्या आणि कंबर दुखणारच, आणि त्या वर्षी गोळी नवी सुरू झालेली असली तर सगळा दोष तिच्या माथी जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आळीपाळीने चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी गोळी, चार महिने काहीच नाही असं दिलं. २०२० मध्ये समोर आलं की स्टॅटिनच्या महिन्यांतला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही तितकाच होता. वेदना खऱ्याच होत्या, त्यांचं कारण मात्र बहुतांशी ते औषध नव्हतं. थायरॉइड मंद असेल तरी अंग दुखतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. ड व्हिटॅमिन खरंच कमी असेल तरी दुखतं. हे रक्ताच्या तपासणीत कळतं. कोएन्झाइम क्यू१० घेऊन बघण्यात फारसा धोका नाही, पण त्याने दुखणं थांबतं याचा पुरावा डळमळीत आहे, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने तर ते विचारल्याशिवाय घेऊच नये. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, किंवा पायऱ्या चढताना मांड्यांत जोरच उरला नाही, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मी पूरकांच्या विरोधात नाही. शाकाहारी माणसाला, त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर, बी-१२ लागू शकतं आणि ते स्टॅटिनच्या वाटेत येत नाही. तपासणीत ड कमी निघालं तर ते ठरल्या मात्रेत घ्यावंच. इसबगोलाने एलडीएल थोडं उतरतं, फक्त ते गोळीपासून दोन तास लांब ठेवावं. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. स्वयंपाकातली हळद आणि फोडणीतला लसूण यांच्याबद्दल कुणी घाबरू नये. हळदीचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर दाबून भरलेली कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क यांनी यकृत दुखावल्याच्या नोंदी मात्र आहेत. आपल्याकडे स्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास देतात आणि रुग्णाला ॲस्पिरिन चालू आहे हे माहीतही नसतं. त्याने लसणाच्या कॅप्सूल, गिंको आणि माशाच्या तेलाचा मोठा डोस वरून घेतला, तर दात काढताना रक्त थांबायला वेळ लागू शकतो. ते दंतवैद्याला आधी कळलेलं बरं.

कायदा काय म्हणतो तेही विक्रेत्याला विचारा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापावंच लागतं. ते बारीक इंग्रजी अक्षरांत असतं. आणि हृदयविकार किंवा रक्तवाहिन्या कठीण होण्याचा आजार बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्याने गुन्हा आहे. लेबलवर कंपनी जे लिहायला धजत नाही, तेच एजंट आपल्या ओटीवर बसून तोंडी सांगतो.

‘डॉक्टरांना वेळ कुठे असतो?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त मान्य आहे. ओपीडीत रांग असते, तीन मिनिटांत माणूस बाहेर. म्हणूनच तोंडी यादी सांगत बसू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, डबे, काढ्याची पुडी एका पिशवीत भरा आणि ती पिशवी टेबलावर ठेवा. ते जमत नसेल तर औषधाच्या दुकानात आणा, ते बघणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. काही त्रास झालाच तर १८००-१८०-३०२४ या देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो.

आणि सरकारी यंत्रणेकडे माझी एक मागणी आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यात कुणाला रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार, हे त्यात विचारलं जातं. त्यात आणखी एक ओळ घाला: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रोज काय घेता, काढा, पावडर, कॅप्सूल, व्हिटॅमिन, कुणी दिलं आणि किती दिवसांपासून? तो कागद पौडच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्णाच्या आधी पोचला, तर तीन मिनिटांतही डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता येईल.